वाचवलेलं वर्ष

चूक आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं मी माझी बाजू मांडायला लिहिलंय असं वाटेल. जर्मनीतल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकेने मला फोनवर विचारलं होतं, "मुलीच्या आईवडिलांशी तुम्ही याबद्दल बोललात का?" मी "हो" म्हणालो. मी बोललो नव्हतो. मुलगी माझ्या मित्राची होती, आणि तो मित्र त्या वेळी आमच्या ऑफिसात त्याच मजल्यावर खिडकीशी बसून काम करत होता. फोन बाजूला ठेवून चार पावलं जायचं आणि विचारून यायचं, एवढंच करायचं होतं. ते मी केलं नाही.

आता माझं काम काय होतं ते सांगायला हवं. पुण्यातल्या माझ्या सख्ख्या भावालाही ते कधी नीट कळलं नाही. तो लोकांना सांगायचा, "विनायक जपानमध्ये कॉम्प्युटरमध्ये आहे." कॉम्प्युटरमध्ये मी पहिली थोडीच वर्षं होतो. कावासाकीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोग्रामर म्हणून आलो. पुढे दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईची मुलं भराभर यायला लागली. मला जपानी बरं बोलता येतं हे आमच्या साहेबांच्या, ओकामोतो-सानांच्या, ध्यानात आलं होतं. त्यांनी एक दिवस बोलावून सांगितलं, "कान्बे-सान, आजपासून तुम्ही माणसं बघा." खांबेटे हे आडनाव त्यांच्या जिभेला कधी झेपलं नाही, आणि मीही ते दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं.

माणसं बघायची म्हणजे काय, तर विमानतळावरून आणायची, त्यांना घर मिळवून द्यायचं, परदेशी माणसाला घर द्यायला नाखूश असलेल्या मालकाची समजूत काढायची, कुणाची बायको गरोदर असली तर दवाखान्यात सोबत बसून डॉक्टरांचं बोलणं मराठीत सांगायचं, जळणारा कचरा कुठला आणि न जळणारा कुठला ते शिकवायचं, पोरांना शाळेत घालायचं. आणि करार संपला की हेच सगळं उलट्या क्रमाने.

खरं सांगायचं तर या कामातला मोठा भाग होता माफी मागण्याचा. जपानमध्ये माफी मागण्याची एक रीत आहे. चांगल्या दुकानातला मिठाईचा खोका घ्यायचा, कागदाची घडी न विस्कटता तो दोन्ही हातांनी पुढे करायचा, पाठ किती वाकवायची ते चुकीच्या आकारावर ठरवायचं. मी यात तरबेज होतो. एकदा आमच्या एका साताऱ्याच्या मुलाची आई तीन महिन्यांसाठी आली. मे महिन्याचं कोरडं ऊन बघून त्या माउलीला राहवलं नाही. तिने इमारतीच्या गच्चीवर पांढऱ्या चादरी अंथरून कुरडया घातल्या. घरमालकीणबाईंचा मला फोन आला की वरती काहीतरी आहे, ते काय आहे हे मला समजत नाही, पण ते खूप आहे. मी खोका घेऊन गेलो, वाकलो. बाई ऐकून घेत होत्या, पण त्यांची नजर सारखी जिन्याकडे. शेवटी म्हणाल्या, "ते तळल्यावर फुलतं असं त्या आजी हाताने सांगत होत्या. खरं का?" दुसऱ्या दिवशी आजींनी ताटभर तळून खाली नेलं. पुढच्या वर्षी बाईंनीच मला विचारलं, आजी कधी येणार.

असे खोके मी किती दिले असतील. सगळे दुसऱ्यांच्या चुकांचे. त्यामुळे माफी हा प्रकार मला सोपा वाटायला लागला होता.

पण लोकांमध्ये माझं नाव झालं ते शाळेच्या कामामुळे. जपानी शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, आपल्याकडचं जूनला, आणि इयत्तेचं वय मोजायची तारीख इथे वेगळी, तिथे वेगळी. मुलं इकडून तिकडे गेली की कुणाचं अर्धं वर्ष पुढे, कुणाचं मागे. मराठी आईवडिलांना दुसरं काहीही चालतं. घर लहान चालतं, थंडी चालते, भाजी महाग चालते. पोराचं वर्ष वाया गेलेलं चालत नाही. "एक वर्ष मागे बसवलं" म्हटलं की गावाकडचे विचारणारच, नापास झाला का. मी पुण्यातल्या शाळांना फोन करायचो, इथल्या शिक्षकांकडून शिफारसी आणायचो, परीक्षा घ्या म्हणून गळ घालायचो, आणि मूल त्याच्या वयाच्या वर्गात बसवूनच सोडायचो. आपली बरीच कुटुंबं राहायची त्या उरायासुच्या मराठी बायकांमध्ये एक वाक्य रूढ झालं होतं, "खांबेट्यांना विचार, ते वर्ष वाचवून देतात." मला त्याचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू, आजही थोडा आहे.

माझा स्वतःचा संसारही याच पायी दोन ठिकाणी होता. मुलाची शाळा बिघडायला नको म्हणून बायको आणि मुलगा पुण्यात, मी इथे. वर्षातून दोनदा भेट. मुलाचं एकही वर्ष वाया गेलं नाही. माझा आवाज त्याला फोनवरचा म्हणून पाठ होता.

म्हणून मकरंद सप्रेचं घर हे माझं घर झालं.

मकरंद माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. कारखान्यातल्या यंत्रांना हुकूम देणारी प्रणाली लिहिण्यात त्याचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नव्हतं. त्याची बायको नीलिमा, आणि मुलगी ऋता. ऋता तीन वर्षांची असताना ते आले आणि उरायासुला राहिले. उरायासु म्हणजे समुद्रात भर घालून केलेली जमीन, सरळ रुंद रस्ते आणि वारा. शनिवारी संध्याकाळी मी तिकडे जायचो. नीलिमावहिनी दार उघडतानाच म्हणायच्या, "भाऊजी, हात धुवा आणि कोथिंबीर निवडायला बसा, फुकट जेवण नाही आमच्याकडे." जेवण झालं की आम्ही चौघं समुद्राच्या बांधावर चालायला जायचो. ऋता सायकलवर पुढे, स्वतःशीच जपानीत काहीतरी गात. मकरंद मला चिडवायचा, "खांब्या, तू एवढ्यांची घरं लावून दिलीस, तुझ्या घरात अजून गादीसुद्धा नाही." ते खरं होतं. मी घडीच्या अंथरुणावर झोपायचो, कारण मनातल्या मनात मी कधीही पुण्याला परत जाणार होतो.

त्या शनिवारांची आठवण आली की मला काय हवं आहे हे नेमकं सांगता येत नाही. जेवण नाही, समुद्रही नाही. दोन्ही आजही मिळतात. आपल्याला कुणीतरी कोथिंबीर निवडायला बसवावं, एवढंच बहुधा.

ऋता जपानी शाळेत चौथीत होती तेव्हा जर्मनीचं काम आलं. आमच्या एका गिऱ्हाइकाचा कारखाना दक्षिण जर्मनीत, बव्हेरिया राज्यातल्या एका लहान गावात होता. तिथली नवी प्रणाली उभी करायला त्यांना मकरंदच हवा होता, आणि सप्टेंबरमध्येच हवा होता. निदान तीन वर्षं. मकरंदला काम आवडलं होतं, पण तो डळमळत होता.

"एकटा जा आधी," मी म्हणालो. "वहिनी आणि ऋता मार्चमध्ये येतील, इथलं शाळेचं वर्ष संपवून."

"नाही रे. एकटा नाही जाणार," तो म्हणाला. "तुझ्यासारखं मला नाही जमणार."

तो सहज बोलला. मला ते लागलं. एवढ्या वर्षांनी लिहायला हरकत नाही की ते फार लागलं.

तरी वहिनींचं म्हणणं मार्चपर्यंत सगळ्यांनीच थांबावं असं होतं. ऋताच्या वर्गात एक मोठा कार्यक्रम होता, तिच्या मैत्रिणी होत्या. आणि इकडे मी ओकामोतो-सानांना सांगून बसलो होतो की सप्रे-सान सप्टेंबरमध्ये जातील. शब्द देऊन झाला होता. राहिली होती फक्त शाळा. गावात इंग्रजी शाळा नव्हती, त्यामुळे ऋता सरकारी जर्मन शाळेतच जाणार होती. मी म्हटलं, शाळेचं माझ्यावर सोपव, हे तर माझं रोजचं काम आहे.

त्या मुख्याध्यापिका इंग्रजी सावकाश, पण स्वच्छ बोलायच्या. ऋताचं वय, इयत्ता, भाषा सगळं विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आपण तिला तिसरीत बसवू या. तिला दोन वर्षं मिळतील. आमच्याकडे चौथी फार महत्त्वाची असते."

माझ्या कानांनी फक्त 'तिसरी' ऐकलं. मी इतकी वर्षं जे बोलत आलो होतो तेच बोललो. मुलगी हुशार आहे, गणितात वर्गात सगळ्यांच्या पुढे आहे, भाषा लवकर उचलते, तिचं वय चौथीचं आहे, एक वर्ष मागे घालणं आमच्या लोकांत बरं दिसत नाही.

"ती हुशार नाही असं मी म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "मी वेळेबद्दल बोलते आहे. तुम्ही आईवडिलांशी बोललात का?"

मी खिडकीकडे बघितलं. मकरंद पाठमोरा बसला होता. त्याला हे सांगितलं तर तो घरी सांगणार, वहिनी म्हणणार, मग मार्चपर्यंत थांबूच या, भाषा तरी थोडी शिकेल. आणि सप्टेंबर जाणार.

"हो," मी म्हणालो. "त्यांची इच्छा चौथीचीच आहे."

त्या म्हणाल्या, "ठीक आहे. निर्णय कुटुंबाचा आहे."

त्या शनिवारी उरायासुला गेलो तेव्हा मी सांगितलं, "चौथीत प्रवेश मिळाला. वर्ष वाचलं." वहिनींनी श्रीखंड केलं होतं, ते मी दोनदा वाढून घेतलं. ऋता टेबलाखाली पाय हलवत बसली होती. तिने जपानीत विचारलं, इथल्या शाळेसारखं तिथेही दुपारचं जेवण मुलंच एकमेकांना वाढतात का. मी म्हणालो, वाढत असतील. मला काही माहीत नव्हतं.

'आमच्याकडे चौथी फार महत्त्वाची असते.' या वाक्यानंतर कुणीही विचारेल, का बरं? तो एक प्रश्न मी विचारला नाही. मी शाळांचा जाणकार होतो ना. त्याचं उत्तर मला पुढच्या मे महिन्यात मकरंदने जर्मनीहून फोनवर दिलं.

"खांब्या, इथे दहाव्या वर्षी पोरांच्या तीन रांगा लावतात. तुला हे माहीत होतं?"

"नाही रे," मी म्हणालो. तेवढं खरं होतं.

नंतर मी सगळं समजून घेतलं, उपयोग नव्हता तेव्हा. आज आपल्याकडची पुष्कळ मुलं जर्मनीत जातात, म्हणून सांगतो. हे त्या काळचं आहे. मधल्या काळात काही नावं बदलली, काही नियम सैल झाले, पण सांगाडा तोच. जर्मनीत शाळेचा कारभार प्रत्येक राज्याच्या हातात असतो. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीपासून मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात. एक गिम्नाझियम. ती बारावी-तेरावीपर्यंत चालते, शेवटी आबिटुर नावाची परीक्षा, ती पास झालं की विद्यापीठाचं दार उघडं. दुसरी रेआलशुले, दहावीपर्यंतची, पुढे कचेरीतली किंवा तांत्रिक कामं. तिसरी हाउप्टशुले, तेव्हा साधारण नववीपर्यंतची. तिथून मुलं एखाद्या धंद्याचं शिक्षण घेतात, म्हणजे आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा आणि बाकीचे दिवस वर्कशॉपात किंवा दुकानात उमेदवारी. काही राज्यांत हा निर्णय सहावीपर्यंत लांबवतात, काही ठिकाणी सगळ्या प्रकारची मुलं एकाच शाळेत ठेवतात, काही ठिकाणी आईवडिलांच्या इच्छेला मान असतो. बव्हेरिया मात्र कडक. चौथीतले जर्मन, गणित आणि परिसर या तीन विषयांचे गुण बघायचे आणि ठरवायचं. गुण आपल्या उलट, एक म्हणजे उत्तम आणि सहा म्हणजे गेलं.

गणितात तरी ऋता तरेल असं मला वाटलं होतं. पण तिथलं गणित शब्दांत विचारलेलं असतं. बेकरीवाल्याने सकाळी काय विकलं, दुपारी काय उरलं. आकडेमोड तिला येत होती, बेकरीवाला काय करतो आहे तेच समजत नव्हतं. परिसर या विषयात त्या गावची नदी, गावचं अग्निशमन दल, जंगलातली झाडं. तिला उरायासुची भरती-ओहोटी ठाऊक होती. गुण कमी पडले तर एका चाचणी-वर्गाला बसायची सोय होती, पण तो वर्गही जर्मनमध्येच. सप्टेंबर ते मे एवढ्या काळात कोण शिकेल? बाई मला तेच सांगत होत्या. तिसरीत बसली असती तर दोन वर्षं मिळाली असती.

आपल्याकडे पोरांची वाटणी दहावीनंतर होते. जपानमध्येही पंधराव्या वर्षी, हायस्कूलच्या परीक्षेला. तोपर्यंत सगळी एकत्र बसतात, एकत्र वर्ग झाडतात. दहा वर्षांच्या मुलाची कुणी वाटणी करत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हे माझं अज्ञान. ते मी स्वतःला माफ करू शकतो. 'हो' म्हणालो ते अज्ञान नव्हतं.

ऋता हाउप्टशुलेत गेली. मी ती शाळा वाईट म्हणत नाही. तिथून निघालेल्या माणसांनी तो देश उभा ठेवला आहे, आणि तिथून वर जायच्या वाटाही असतात, लांबच्या. पण दहा वर्षांच्या मुलीला एवढंच कळतं की वर्गातल्या काही जणी त्या मोठ्या शाळेत गेल्या आणि मी नाही. वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, रोज शाळेतून आली की दप्तर टाकते आणि म्हणते, काएरिताई." घरी जायचंय. घरातच उभी राहून म्हणायची.

मकरंद त्या दिवसांत वारंवार फोन करायचा. "घाई मी केली," म्हणायचा. "नीलिमा सांगत होती मार्चपर्यंत थांबू. मी ऐकलं नाही. आणि अरे, मी एकदा त्या बाईंशी स्वतः बोलायला हवं होतं. सगळं तुझ्यावर टाकून मोकळा झालो. तू तरी काय करणार होतास?"

मी म्हणायचो, "असं मनाला लावून घेऊ नकोस."

दर वेळी सांगायचं ठरवायचो. मग वाटायचं, आता सांगून काय उपयोग, पोरीची शाळा थोडीच बदलणार आहे. मग वाटायचं, पुढच्या खेपेला. तो भारतात सुट्टीला येईल तेव्हा समोरासमोर सांगू. तो आला तेव्हा मी रजा घेऊन पुण्याला गेलोच नाही. हळूहळू मी त्याचे फोन उचलेनासा झालो. तीन वर्षांसाठी गेलेली ती माणसं जर्मनीतच राहिली. दिवाळीला त्याचा संदेश यायचा, मी उलट संदेश पाठवायचो, त्यात एखादा दिवा असायचा. माझ्या आयुष्यातला सगळ्यात जवळचा मित्र असा मी स्वतःच्या हाताने लांब ठेवला, कारण त्याच्यासमोर बसून त्याचं 'तू तरी काय करणार होतास' ऐकणं मला सोसत नव्हतं.

शाळांचं काम मात्र करत राहिलो, फक्त पद्धत बदलली. आईवडिलांना मी समोर बसवायचो, शाळेला फोन लावायचो आणि फोन त्यांच्या हातात द्यायचो. भाषा येत नसली तर शेजारी बसून शब्द न् शब्द सांगायचो. पुष्कळांना ते आवडायचं नाही. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "अहो, तुम्ही एका फोनवर वर्ष वाचवून देता असं ऐकून आलो होतो." मी म्हटलं, आता नाही देत.

गेल्या वर्षी वसंतात ऋताचा संदेश आला. मी अजून इथेच आहे. निवृत्त झालो तरी कंपनी अधूनमधून बोलावते. मुलगा पुण्यात नोकरीला लागला, बायको म्हणते आता इथे येऊन काय करणार, तुम्हीच या. जायचं आहे. ऋताने लिहिलं होतं, 'काका, मी जपानला येते आहे. उरायासुची शाळा बघायची आहे. तुम्ही याल का बरोबर?'

रविवारी दुपारी स्टेशनवर भेटलो. तिशीला आलेली उंच मुलगी, वहिनींसारखंच कपाळ. वाकून नमस्कार केला तोही जपानी. मराठी तिची छान होती, फक्त मध्येच शब्द शोधायला थांबायची. ती ऐकू न येणाऱ्या माणसांना श्रवणयंत्रं बसवण्याचं काम करते, त्याचीच उमेदवारी तिने केली होती. "म्हातारी माणसं येतात," ती म्हणाली. "यंत्र बसवलं की आधी स्वतःचाच आवाज ऐकून घाबरतात. मला काम आवडतं, काका. तुम्हाला वाईट वाटेल असं काही नाही."

शाळा बंद होती. आम्ही फाटकाबाहेरून बघितलं. ती बराच वेळ मैदानाकडे बघत होती. मग चालत चालत बांधावर जाऊन बसलो.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मी इथे होते तेव्हा मूर्ख होते का?"

"नाही. अजिबात नाही."

"तिथे मला खूप वर्षं वाटायचं की मी आहे. मग वाटायचं, जपानमध्ये तर नव्हते. मग वाटायचं, जपानचं मी मनाने बनवलं असेल. म्हणून बघायला आले."



"पंधरा वर्षांची असताना बाबाशी मोठं भांडण केलं मी," ती म्हणाली. "म्हटलं, आणायच्या आधी इथली शाळा कशी असते ते कुणाला विचारलंस का? एकदा तरी? तो म्हणाला, नाही विचारलं. चुकलं माझं. मला माफ कर. काका, बाबा रडला. मी तोपर्यंत त्याला रडताना बघितलं नव्हतं. अजून मी कशाचीही तक्रार केली, अगदी ट्रेन उशिरा आली म्हटलं, तरी त्याचा चेहरा तसा होतो. मग मी जातच नाही फारशी घरी."

मी एवढी वर्षं समजत होतो की मी एका मुलीचं नुकसान करून गप्प बसलो आहे. तिच्या बापाने माझ्याऐवजी तिच्यापुढे मान खाली घातली आणि ती अजून वर केली नाही, हे मला त्या बांधावर कळलं.

मी तिला सगळं सांगितलं. फोन, तिसरी, दोन वर्षं, खिडकीशी बसलेला तिचा बाबा, माझं 'हो'. मध्ये थांबलो असतो तर पुढे बोलू शकलो नसतो, म्हणून पाण्याकडे बघत एका दमात बोललो. ती ऐकत राहिली. तिने पहिला प्रश्न स्वतःबद्दल विचारला नाही.

"बाबाला हे माहीत आहे?"

"नाही."

"एवढी वर्षं?"

"हो."

तिने तोंड फिरवलं. खांदे ताठ झाले होते. मी म्हणालो, "ऋता, मी तुझी..."

"मला नको आत्ता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "माझं मी नंतर बघेन, तुमच्यावर किती रागवायचं ते. आधी त्याला."

तिने फोन काढून लावला. तिकडे सकाळ असणार. मकरंदचा आवाज मला बाजूला बसूनही ऐकू आला. "ऋतू? शाळा सापडली का गं?"

"सापडली. बाबा, खांबेटेकाका आहेत इथे. त्यांना तुझ्याशी बोलायचंय."

"खांब्या? आहे का तो जिवंत? दे, दे त्याला. दिवे पाठवतो नुसते, लबाड."

फोन माझ्या हातात आला. तो हसत होता. काय रे, कसा आहेस, नीलिमा इथेच आहे, हाक मारू का, असं एकामागून एक विचारत होता. मी त्याला थांब म्हणालो.

"मकरंद, मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी परत गप्प बसेन. तुम्ही निघायच्या आधी तिकडच्या शाळेच्या मुख्याध्यापिका मला फोनवर म्हणाल्या होत्या, ऋताला तिसरीत बसवू, तिला दोन वर्षं मिळतील. मी तुला सांगितलं नाही. तू तेव्हा ऑफिसात खिडकीशीच होतास, तरी विचारलं नाही, आणि विचारलंय असं त्यांना खोटं सांगितलं. तू थांबलास तर माझा शब्द जाईल म्हणून. घाई तू केली नाहीस, मी केली. तू तिची माफी मागितलीस, ती मी मागायची होती. आणि तू स्वतःला दोष देत होतास तेव्हा मी ऐकत बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."